नववी पायरी

अतिकुपोषित मूल दवाखान्यात आलं की त्याच्यासाठी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं करायचं, याची दहा पायऱ्यांची एक यादी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ती घालून दिली. नंदुरबार, मेळघाट, जव्हारकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांतले उपचारही तिच्याच आधारानं चालतात. यादी रुक्ष आहे आणि ती तशीच हवी, कारण इथे घाई किंवा चूक झाली तर मूल दगावतं. रक्तातली साखर घसरू देऊ नका. अंग गार पडू देऊ नका. पाणी भरून काढा, पण सावकाश. क्षारांचा तोल सांभाळा. जंतुसंसर्ग आहेच असं धरून औषध सुरू करा. जीवनसत्त्वं द्या, जस्त द्या, लोह मात्र इतक्यात नको. सुरुवातीला थोडं थोडं, रात्रीसुद्धा उठवून भरवा. भूक परतली की वजन वाढवणारा आहार द्या. इथवर आठ पायऱ्या झाल्या.

नववी पायरी म्हणते, मुलाला जीव लावा आणि त्याच्याशी खेळा.

ही यादी पहिल्यांदा वाचताना माझं बोट तिथेच थांबलं. पोटॅशियम, प्रतिजैविकं, साखरेचं पाणी, आणि त्यांच्याच रांगेत, त्याच आज्ञार्थी सुरात खेळ! तोही ‘जमल्यास’ किंवा ‘वेळ मिळाल्यास’ असा नाही. रोज पंधरा ते तीस मिनिटं, ठरवून, वयाप्रमाणे. औषधाची मात्रा लिहावी तशी खेळाची मात्रा लिहिलेली. आहाराच्या पुढे आणि घरी सोडण्याच्या आधी खेळाला जागा मिळाली, ती कशी?

त्यासाठी आधी त्या खाटेवरचं मूल पाहायला हवं. दंडाला पट्टी गुंडाळली की घेर साडेअकरा सेंटिमीटरच्याही आत येतो, एवढं ते वाळलेलं असतं. पण पाहणाऱ्याला हाडांपेक्षा जास्त अस्वस्थ करते ती त्याची शांतता. ते फारसं रडत नाही. खुळखुळा वाजवला तरी मान वळवत नाही. उपासमारीत शरीर काटकसर सुरू करतं. हृदय मंदावतं, मूत्रपिंडं कमी काम करतात, पचनाचे रस आटतात. घरात पैसा आटला की एकेका खोलीतला दिवा मालवत जावं तसं शरीर एकेक कारभार आवरतं घेतं. त्या अंधारात मुलाचं कुतूहलही जातं. जे मूल हात पुढे करत नाही, बोलत नाही, रांगत नाही, त्याच्या मेंदूला बाहेरून काही मिळेनासं होतं, आणि तेही नेमकं मेंदू झपाट्यानं वाढण्याच्या वयात. भूक एक आणि उपास दोन.

म्हणून अशा वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं वजनकाट्याइतकीच आणखी एका खुणेची वाट पाहतात. मूल हसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

या आजाराच्या एका रूपाचं नावही विचार करायला लावणारं आहे. सिसिली विल्यम्स या जमैकात जन्मलेल्या डॉक्टर आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. अंगावर सूज आलेली, केस तांबूस पडलेली मुलं त्यांना तिथे दिसली. स्थानिक गा भाषेत या आजाराला नाव होतंच, ते त्यांनी १९३५ साली वैद्यकाच्या जगात आणलं: क्वाशिऑरकॉर. त्याचा अर्थ साधारण असा, की पाठचं भावंड आल्यावर आईच्या मांडीवरून उतरवलेल्या मुलाला होणारा आजार. आईचं दूध तुटलं हे त्यात आहे आणि मांडी सुटली हेही आहे. त्या भाषेनं दोन्ही गोष्टी एकाच शब्दात धरून ठेवल्या होत्या. वैद्यकानं पहिली उचलली. दुसरी उचलायला त्याला आणखी काही दशकं लागली.

त्या दशकांमधली एक गोष्ट जर्मनीत घडली. दुसरं महायुद्ध संपलं होतं, देश उद्ध्वस्त झाला होता, अन्न मोजून मिळत होतं. एल्सी विडोसन ही ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ १९४८ च्या सुमारास तिथल्या दोन अनाथालयांतल्या मुलांची वजनं दर पंधरवड्याला करत होती. दोन्हीकडे पन्नासेक मुलं होती आणि शिधा सारखाच होता. पहिले सहा महिने नुसतं मोजायचं, मग एका अनाथालयाला पाव, मुरंबा आणि संत्र्याचा रस जादा द्यायचा आणि मुलं किती वाढतात ते पाहायचं, असा साधा सरळ बेत होता.

सहा महिन्यांनी जादा अन्न सुरू झालं. आणि ज्यांना ते मिळत होतं, त्या मुलांची वाढ उलट मंदावली. ज्यांना काहीच जादा मिळत नव्हतं, ती दुसरीकडची मुलं मात्र भराभर भरू लागली.

आकडे उलटसुलट झाले असावेत असं कुणालाही वाटेल. पण उत्तर वजनकाट्यात नव्हतंच, ते जेवणघरात होतं. दुसऱ्या अनाथालयाची मुख्य बाई अत्यंत कडक होती. मुलं जेवायला बसली की ती एकेकाला सगळ्यांसमोर उभं करून खरडपट्टी काढायची. तोवर ताटातलं सूप थंड व्हायचं आणि मूल रडवेलं व्हायचं. योगायोग असा, की ज्या सुमारास पहिल्या अनाथालयात जादा पाव-मुरंबा येऊ लागला, त्याच सुमारास या बाईंची बदली तिथे झाली. तिची लाडकी आठ मुलं ती बरोबर घेऊन आली होती, आणि ती आठ मुलं मात्र चांगली वाढत होती. त्यांच्यावर ती कधी ओरडत नसे.

१९५१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात यावरचा लेख छापून आला. कुणीही हा प्रयोग मुद्दाम करायला धजावलं नसतं, तो आपोआप घडला आणि एका बाईच्या वहीत नेटकेपणानं नोंदला गेला. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी खुरटलेल्या तेरा मुलांबद्दल लिहिलं. त्यांच्या शरीरात वाढीचं संप्रेरक नीट स्रवत नव्हतं. तपासण्या पाहिल्या तर मेंदूतल्या ग्रंथीचाच बिघाड वाटावा. पण मूळ घरात होतं. त्या घरांतून उचलून मुलांना रुग्णालयात ठेवल्यावर, संप्रेरकाची सुई न देताच, ती वाढू लागली. ‘मायेनं अंग धरतं’ असं आजी म्हणते, तेव्हा ती लाडानं बोलते असं आपण समजतो. ती शरीरक्रियाशास्त्र सांगत असते.

हे ठाऊक असताना १९७० च्या दशकात किंग्स्टनमध्ये, वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या रुग्णालयात, सॅली ग्रँथम-मॅग्रेगर यांना पडलेला प्रश्न अगदी रास्त वाटतो. कुपोषित मुलांना इथे आपण जगवतो, वजन वाढवून घरी पाठवतो, पण पुढे ती शिकण्यात मागे पडतात. मग दवाखान्यात असतानाच त्यांच्याशी रोज खेळलं तर काय होईल? त्यांनी ते करून पाहिलं. घरी गेल्यावरही मुलाकडे नेमानं जायचं आणि आईलाही तो खेळ शिकवायचा, असं तीन वर्षं चाललं. ज्यांना फक्त अन्न आणि औषध मिळालं ती मुलं मागेच राहिली. ज्यांच्याशी खेळलं गेलं ती बौद्धिक चाचण्यांत पुढे सरकली, आणि तो फरक चौदा वर्षांनंतर, ती मुलं वयात आल्यावरही दिसत होता.

नववी पायरी यादीत आली ती अशा कामातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत तिच्यासाठी खेळण्यांची स्वतंत्र यादीच आहे, आणि ती मला सगळ्या पुस्तकातलं सर्वांत सुंदर पान वाटते. दोऱ्याची रिकामी रिळं ओवून केलेली माळ. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत रंगीत तुकडे घालून खुळखुळा. पत्र्याच्या डब्याचा ढोल. बाटल्यांची बुचं, एकावर एक रचायला. लहान डबा मोठ्या डब्यात जाईल असे डबे. चिंध्यांची बाहुली. डब्याचं झाकण आरसा म्हणून चालेल, पण त्याची कड धारदार नको, हे बजावून. हृदयाचे ठोके आणि लघवीचं प्रमाण मोजणाऱ्या पुस्तकानं झाकणाच्या कडेचीही काळजी केली आहे. मुलाचा चेहरा झाकून ठेवू नका, त्याला आजूबाजूचं दिसू द्या, ऐकू येऊ द्या, त्याला बांधून घालू नका, हेही तिथे आहे.

आणि आईला जवळ ठेवा. ही सूचना आज इतकी उघड वाटते, की तिच्यासाठी कुणाला भांडावं लागलं असेल यावर विश्वास बसत नाही.

लंडनमध्ये १९४९ साली मोठ्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा कुणीतरी गोळा केल्या होत्या. कुठे फक्त रविवारी तासभर. कुठे बुधवारी दीड तास. सेंट थॉमसमध्ये पहिला महिना भेटच नाही, पण संध्याकाळी सात ते आठ या वेळात मूल झोपलेलं असताना आईबापांनी पाहून जायला हरकत नाही. हा नियम करणारी माणसं दुष्ट नव्हती, हे लक्षात घेतलं पाहिजे. प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात बाहेरून आलेला घटसर्प किंवा गोवर वॉर्डच्या वॉर्ड झोपवत असे, ती भीती हाडीमाशी मुरली होती. शिवाय परिचारिकांचा रोजचा अनुभव असा, की आई येऊन गेली की मूल तासन्‌तास आक्रोश करतं आणि आई आलीच नाही तर दोन-चार दिवसांत शांत होतं. रुळतं. मग भेटीनं मुलाचं भलं होतं असं कोण म्हणेल?

ती शांतता म्हणजे काय, हे ज्यानं दाखवलं त्याची वाट मोठी विलक्षण आहे. जेम्स रॉबर्टसन हा स्कॉटलंडमधल्या कामगार घरातला माणूस. युद्धाच्या काळात अ‍ॅना फ्रॉइड यांनी लंडनमध्ये मुलांसाठी चालवलेल्या पाळणाघरात तो बॉयलर पेटवण्याचं आणि डागडुजीचं काम करत होता. अ‍ॅनाबाईंचा तिथे एक शिरस्ता होता. मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येकानं कागदावर टिपायचं, मग तो शिक्षक असो की भट्टीत कोळसा घालणारा. पाहण्याचं काम त्याच्या हाताला असं लागलं. पुढे १९४८ मध्ये तो मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याकडे रुजू झाला, आणि रुग्णालयातल्या लहान मुलांना पाहायला जाऊ लागला.

त्यानं जे पाहिलं ते तीन टप्प्यांत मांडलं. आधी आकांत: मूल रडतं, दाराकडे धावतं, कुणाचं ऐकत नाही. मग हताशा: रडणं थांबतं, अंगठा तोंडात जातो, नजर दूर कुठेतरी लागते. आणि मग अलिप्तपणा: मूल हसू लागतं, येईल त्या परिचारिकेच्या कडेवर जातं, खेळणी घेतं, पण आई आली की तिच्याकडे परक्यासारखं पाहतं. रुग्णालय ज्याला रुळणं म्हणत होतं ते हे होतं. मुलानं आशा सोडलेली असायची.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही. तेव्हा १९५१ मध्ये रॉबर्टसननं हातात कॅमेरा धरला. त्याला चित्रपट काढण्याचा काहीच अनुभव नव्हता, पण त्याच्या कुशाग्र बुद्धीचं मला फार कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. टीकाकार काय म्हणतील हे त्यानं आधीच ओळखलं होतं. तू सोयीचं मूल निवडलंस, तू रडण्याचेच क्षण टिपलेस, असं ते म्हणणार. म्हणून त्यानं मूल प्रतीक्षायादीतून चिठ्ठी काढावी तसं निवडलं, रोज ठरलेल्या वेळी चित्रीकरण केलं, आणि पुरावा म्हणून भिंतीवरचं घड्याळ चौकटीत घेतलं.

चिठ्ठीत लॉरा आली. वय दोन वर्षं पाच महिने, बेंबीच्या हर्नियाची साधी शस्त्रक्रिया, मुक्काम आठ दिवस. आणि ही मुलगी फारशी रडणारी नव्हतीच! आपल्या वयापेक्षा कितीतरी जास्त स्वतःला आवरणारी होती. रॉबर्टसनला वाटलं असेल, संपलं सगळं. पण त्या आवरण्यानंच चित्रपट असह्य झाला. तिचा चेहरा कोसळायला लागतो आणि ती तो सावरते. खेळता खेळता मध्येच हळूच आईची चौकशी करते आणि पुन्हा खेळण्यात डोकं घालते. आई भेटायला आली की ती लगेच झेपावत नाही, दिवसागणिक तिला आईजवळ यायला जास्त वेळ लागत जातो. घरी जायच्या दिवशी ती आपल्या वस्तू एकूण एक गोळा करते, आणि आईनं पुढे केलेला हात धरत नाही.

नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला, तेव्हा सभागृह खवळलं. व्यवसायाची बदनामी आहे, मागे घ्या, अशी मागणी झाली. पण काही डॉक्टर आपापल्या वॉर्डात परतले आणि तिथली शांत मुलं त्यांना वेगळी दिसू लागली. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट या अस्थिशल्यचिकित्सकाच्या समितीनं सरकारला अहवाल दिला: आईबापांना कधीही भेटू द्या, लहान मुलांच्या आयांना राहू द्या, वॉर्डात खेळ आणि शिक्षण आणा. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स हे बालरोगतज्ज्ञ १९२० च्या दशकापासून आयांना मुलाजवळ ठेवतच होते, आणि काही वाईट घडत नव्हतं. पण तीस वर्षं ते उदाहरण कुणी मनावर घेतलं नव्हतं.

लॉराची एक गोष्ट चित्रपटात नाही. सहाएक महिन्यांनी तिच्या आईबापांना चित्रपट दाखवला जात होता, तेव्हा तिनं तो नकळत पाहिला. दिवे लागले, आणि ही कधी न चिडणारी मुलगी लालबुंद होऊन आईला विचारू लागली, की तू तेव्हा कुठे होतीस. आणि ती ढसाढसा रडत वडिलांकडे वळली. आठ दिवसांचा मुक्काम, यशस्वी शस्त्रक्रिया, जखम केव्हाच भरलेली, आणि हा प्रश्न मात्र सहा महिने तिच्या आत वाट पाहत बसला होता.

आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात गेलं की पलंगाशेजारी किंवा पलंगाखाली चटई टाकून बसलेली आई दिसते. स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, दांडीला वाळत घातलेलं लंगोट. ती गर्दी पाहून आपल्याला ओशाळल्यासारखं होतं. पण मनुष्यबळ कमी म्हणून का होईना, आपण लॉराच्या पलंगाजवळची ती जागा रिकामी केली नाही. आई उठून जाते ती वेगळ्या कारणानं. घरी दुसरं मूल असतं, शेतात काम असतं, रोजचा रोज बुडत असतो. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. हिशेबाच्या वहीत तो एक किरकोळ खर्च दिसत असेल. मला तो मुलाच्या मनावरचा थेट उपचार वाटतो, कारण त्या पैशांनी विकत मिळतात ते आईचे चौदा दिवस.

अतिदक्षता विभागाचं दार मात्र आपल्याकडेही बंदच राहिलं. तिथे काचेपलीकडून पाहायचं. नवजात बाळांच्या बाबतीत ते आता किलकिलं होतंय. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना हात धुण्यापासून बाळ हाताळण्यापर्यंत शिकवून आत घेण्याचं काम झालं, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी देशभराच्या सूचना काढल्या. जंतूंची भीती खोटी नव्हतीच. पण आईला बाहेर ठेवण्यापेक्षा तिला हात धुवायला शिकवणं हा तोडगा सुचायला किती काळ जावा लागला!

आई जवळ आहे, खेळणंही आहे, तरी सुई ही सुईच. आपल्या घरांत मुलाला गप्प करायला ‘डॉक्टरकाका सुई टोचतील हं’ म्हणतात, त्यामुळे दवाखान्याच्या पायरीवर पोचण्याआधीच शिक्षा झालेली असते. लहान मुलं आजाराला नाहीतरी शिक्षाच समजतात. आपण ऐकलं नाही, भावाला मारलं, म्हणून हे झालं. मुलांच्या वॉर्डातल्या मानसशास्त्रज्ञाचं पहिलं काम पुष्कळदा तेवढंच असतं, की हे तुझ्यामुळे झालेलं नाही. मग बाहुलीला सलाईन लावून दाखवायचं, पट्टी बांधायला द्यायची. ज्याच्यावर सगळे काहीतरी करताहेत, त्याच्या हातात पाच मिनिटं तरी सिरिंज द्यायची.

दुखणं किती आहे हे मुलानं सांगायचं कसं? १९८१ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात भाजलेल्या मुलांच्या विभागात डोना वाँग ही परिचारिका आणि कॉनी बेकर ही मुलांसोबत काम करणारी सहकारी यांच्यापुढे हाच प्रश्न होता. एक ते दहा आकडे मुलांना कळत नव्हते. त्यांनी मुलांपुढे कोरी वर्तुळं ठेवली आणि त्यांनाच चेहरे काढायला सांगितले. त्या चित्रांतून हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांची पट्टी तयार झाली. आज कितीतरी दवाखान्यांच्या भिंतींवर ती दिसते, आणि मोठ्यांनाही ती उपयोगी पडते. भाजलेल्या मुलांनी जगाला दिलेलं ते मोजमाप आहे.

आणि आता मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट. कर्करोगाच्या मुलांना कण्यातून पाणी काढणं किंवा हाडातला मगज तपासणं पुन्हा पुन्हा सोसावं लागतं. १९९८ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या लहान मुलांना पहिल्या खेपेला पुरेसं वेदनाशामक मिळालं नव्हतं, त्यांना पुढच्या खेपांना चांगलं औषध देऊनही जास्त दुखत राहिलं. पहिली सुई पुढच्या सगळ्या सुयांमध्ये शिरते. पण १९९९ मध्ये दुसऱ्या एका गटानं या गोष्टीची उलटी बाजू शोधली. ल्युकेमियाच्या मुलांशी त्यांनी झालेल्या प्रसंगाबद्दल बोलायला सुरुवात केली. तू पूर्ण वेळ ओरडत होतास का? की मध्ये थोडा वेळ श्वास घेत शांत पडला होतास? त्या वेळी तू काय केलंस? मुलांना प्रसंग होता त्याहून भीषण आठवत होता आणि स्वतःचं धैर्य आठवतच नव्हतं. ते आठवून दिल्यावर पुढच्या खेपेला त्यांचा त्रास कमी झाला. म्हणजे सुई टोचून झाल्यावर, दुखून गेल्यावरही त्या दुखण्यावर उपचार करता येतो!

साध्या लसीच्या सुईचंही असंच. १९९४ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना सुई टोचताना हवेत फुंकर मारायला शिकवून पाहिलं, तेव्हा मुलांची तगमग कमी झाली. श्वास लांबतो, लक्ष तिकडे जातं, आणि करण्यासारखं काहीतरी हातात असतं. खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालणाऱ्या आईला हे कुणी शिकवलं असेल? फरक एवढाच, की इथे फुंकर मुलानं स्वतः घालायची.

आपल्याकडे या कामाला जुना वारसा आहे, आणि तो मुंबईचा आहे. मुलांच्या मनासाठीचं देशातलं पहिलं मार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये निघालं ते आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत. भारतातल्या रुग्णालयात पहिली वैद्यकीय समाजसेवक नेमली गेली ती १९४६ मध्ये, जे.जे.त. आज परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी बिहार-बंगालपासून मुलं येतात. एकेकाळी त्यांतली कितीतरी कुटुंबं फुटपाथवर राहायची आणि उपचार अर्धे टाकून परतायची. २००६ पासून सेंट ज्यूड नावाच्या संस्थेनं अशा कुटुंबांना विनामूल्य राहायला खोल्या, स्वयंपाकाला शेगडी आणि मुलांना शिकायला जागा दिली. शेजारच्या शेगडीवर दुसऱ्या टकलू मुलाची आई भात लावते आहे, हे दृश्य मुलाला आणि त्याच्या आईला जे देतं, ते कुठल्याच चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

एक प्रश्न मात्र सगळ्यांनाच अवघड जातो. मूल बरं होणार नसेल तर त्याला सांगायचं का? मायरा ब्लूबाँड-लँगनर ही मानववंशशास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमियाच्या मुलांमध्ये महिनोन्‌महिने बसली. मुलं तीन ते नऊ वर्षांची. त्या काळी त्यांतली बहुतेक जगत नसत, आणि त्यांना कुणी काही सांगत नसे. तरी त्यांना माहीत होतं. औषधांची नावं माहीत होती, कुठल्या औषधानंतर कुठलं औषध येतं ते माहीत होतं, आणि शेवटचं कुठलं तेही. हे ज्ञान खेळाच्या खोलीत एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायचं. गेलेल्या मुलाचं नाव ती घेत नसत, त्याच्या वस्तूंना हात लावत नसत, पुढच्या वर्षीच्या गोष्टी करत नसत. आणि आईबापांसमोर मात्र काही ठाऊक नसल्यासारखी वागत. कारण खरं बोललं की मोठी माणसं खोलीतून उठून जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. एकटं पडू नये म्हणून ती सांभाळून घेत होती. आईबाप मुलाला जपत होते, आणि पाच वर्षांचं मूल आईबापांना. या मुलांना कळण्यापासून वाचवता येत नव्हतं. ते एकट्यानं जाणण्यापासून वाचवणं तेवढं हातात होतं. म्हणून आता अशा मुलांच्या भोवतीचे लोक सांगण्यापेक्षा आधी विचारतात: तुला काय वाटतंय? आणि उत्तर येईपर्यंत उठत नाहीत.

मी पुन्हा त्या यादीकडे येते. दहावी पायरी घरी सोडण्याची आहे. मुलाचं वजन वाढलेलं असतं, सूज उतरलेली असते, खुळखुळ्याच्या आवाजावर मान वळू लागलेली असते. आईला काय काय शिकवून पाठवायचं ते तिथे लिहिलंय. घरातल्याच पदार्थांतून तेल-गूळ घालून, दिवसातून अनेकदा कसं भरवायचं. तपासणीला कधी यायचं. लसी कुठल्या राहिल्यात. आणि त्याच ओळींमध्ये, तितक्याच गांभीर्यानं, मुलाशी कसं खेळायचं. ती गाठोडं बांधते, मुलाला कडेवर घेते, एस.टी.च्या थांब्याकडे निघते. गाठोड्यात धुतलेले कपडे असतात, औषधाची बाटली असते, आणि रंगीत बुचं भरलेली एक रिकामी बाटली.